कॅथेड्रल की वाडी? योसेमिटीचे फोटो आणि फोटोत नसलेली माणसं

मित्रहो, योसेमिटीचे फोटो कधी टाकणार, असं बरेच जण विचारत आहात. टाकतो. पण नुसते फोटो टाकले तर "वा, स्वर्ग!" एवढ्यावरच विषय संपेल, आणि मला त्या स्वर्गाच्या इतिहासाबद्दल थोडं बोलायचं आहे. इतिहास अमेरिकेचा आहे, पण त्याची एक फांदी आपल्या बोरिवली-येऊरच्या जंगलापर्यंत पोचलेली आहे. पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा.

ईस्टरनंतरच्या आठवड्यात मी भाच्याकडे फ्रीमाँटला होतो. "मामा, कॅमेरा आणलाय ना, मग चला," म्हणून त्याने शनिवार-रविवारचा बेत आखला. शनिवारी योसेमिटी, रात्री फ्रेस्नोला मुक्काम, रविवारी किंग्ज कॅन्यन. दोन दिवसांत दोन नॅशनल पार्क.

योसेमिटीत शिरताना एका बोगद्यातून गाडी बाहेर पडते आणि समोर अख्खी दरी उघडते. डावीकडे एल कॅपिटनचा सरळसोट कडा, उजवीकडे ब्रायडलव्हेल धबधबा, मध्ये लांबवर हाफ डोमचं अर्धं कापल्यासारखं डोकं. कठड्याला ओळीने ट्रायपॉड लावलेले. वेगवेगळ्या देशांची, वेगवेगळ्या भाषा बोलणारी माणसं, पण सगळ्यांची धडपड एकच: फ्रेममध्ये माणूस येता कामा नये. कुणाची टोपी, कुणाचा सेल्फीचा हात, खालच्या रस्त्यावरची बस, काही नको. निसर्ग म्हणजे माणूस नसलेली जागा, हे आपण सगळ्यांनी इतकं गृहीत धरलंय की त्याबद्दल कुणी विचारतही नाही.

पण ही नजर जन्मजात नाही. ती घडवली गेली आणि ती घडण्यात कॅमेऱ्याचा मोठा हात आहे.

१८६१ साली कार्लटन वॉटकिन्स नावाचा सॅन फ्रान्सिस्कोचा फोटोग्राफर खेचरांवर सामान लादून या दरीत आला. आजच्यासारखं खिशातून काढलं आणि क्लिक केलं, असं काम नव्हतं. त्याने मुद्दाम बनवून घेतलेल्या कॅमेऱ्यात १८ बाय २२ इंचांची काच बसायची. तंबूत अंधार करायचा, काचेवर रसायन ओतायचं, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि सुकायच्या आत पुन्हा तंबूत नेऊन धुवायची. अशा तीस मोठ्या काचा त्याने त्या मोसमात तयार केल्या. त्यांचे छाप पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या एका गॅलरीत लागले. तिकडे यादवी युद्ध पेटलेलं, रोज मृतांच्या याद्या छापून येत होत्या, आणि इथे भिंतीवर हे शांत, निर्मळ, निर्मनुष्य कडे. लोकांवर काय परिणाम झाला असेल, कल्पना करा.

कॅलिफोर्नियाचे सिनेटर जॉन कॉनेस यांनी १८६४ मध्ये ही दरी आणि मॅरिपोसाची महावृक्षांची राई राखून ठेवण्याचं विधेयक आणलं. ३० जून १८६४ रोजी अब्राहम लिंकन यांनी त्यावर सही केली. लिंकन योसेमिटीला कधीच गेले नव्हते. सही करणाऱ्या आणि मत देणाऱ्या बहुतेकांनी दरी पाहिली असेल तर ती चित्रांत आणि फोटोंतच. पुढे १८७१ मध्ये विल्यम हेन्री जॅक्सन याने यलोस्टोनचे फोटो काढले, ते वॉशिंग्टनला दाखवले गेले आणि १८७२ मध्ये यलोस्टोन हे नॅशनल पार्क झालं. योसेमिटीला तो दर्जा १८९० मध्ये मिळाला. किंग्ज कॅन्यनची गोष्टही तीच. ॲन्सेल ॲडम्स यांनी सिएरा नेवाडाच्या फोटोंचं पुस्तक १९३८ मध्ये काढलं, ते मंत्री हॅरोल्ड इकीज यांच्यामार्फत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्यापर्यंत गेलं आणि १९४० मध्ये किंग्ज कॅन्यन नॅशनल पार्क जाहीर झालं.

म्हणजे फोटोने जंगल वाचवलं. हे आधी स्वच्छ कबूल करू. तो कायदा झाला नसता तर त्या दरीत काय उभं राहिलं असतं, हे आपण मुंबईकरांना वेगळं सांगायला नको.

आता यात ख्रिस्ती धर्म कुठे येतो ते सांगतो.

योसेमिटीचा नकाशा उघडलात तर आपल्या एखाद्या धर्मग्रामाच्या सणांच्या यादीसारखा वाटेल. दरीतून वाहणारी नदी मर्सेड, म्हणजे स्पॅनिश संशोधकांनी ठेवलेल्या मूळ नावात दयेच्या मातेची नदी. वर कॅथेड्रल पीक, खाली कॅथेड्रल रॉक्स. किंग्ज कॅन्यनमधले किंग्ज म्हणजे कुणी इंग्लंडचे राजे नव्हेत. १९व्या शतकाच्या सुरुवातीला एक स्पॅनिश तुकडी ६ जानेवारीला त्या नदीकाठी पोचली. तो तीन राजांचा सण, म्हणून नदी झाली 'पवित्र राजांची नदी'. गोव्यातल्या रेइश मागुशचं नावही त्याच तीन राजांवरून आलंय. एका टोकाला स्पॅनिश, दुसऱ्या टोकाला पोर्तुगीज, आणि दोघांच्या खिशात एकच कॅलेंडर.

ही भाषा खऱ्या अर्थाने रुजवली ती जॉन म्यूर यांनी. स्कॉटलंडमध्ये १८३८ मध्ये जन्मलेला हा मुलगा अकराव्या वर्षी घरच्यांबरोबर अमेरिकेत आला. वडील इतके कडक ख्रिस्ती की पोराला जवळजवळ अख्खं बायबल पाठ, तेही छडीच्या धाकाने. १८६७ मध्ये कारखान्यात काम करताना त्याच्या डोळ्याला अवजार लागलं, काही आठवडे अंधाऱ्या खोलीत गेले. दृष्टी परत आली तेव्हा त्याने कारखाना सोडला आणि जंगल धरलं. १८६९ च्या उन्हाळ्यात तो सिएरात मेंढरांबरोबर फिरत होता. कॅथेड्रल पीकवर चढला आणि लिहून ठेवलं की कॅलिफोर्नियात आल्यापासून आज पहिल्यांदा चर्चला गेल्यासारखं वाटलं. पुढे आयुष्यभर त्याच्या लिखाणात डोंगर म्हणजे देऊळ, झाडं म्हणजे खांब, धबधबा म्हणजे स्तोत्र. १८९२ मध्ये त्याने सिएरा क्लब स्थापन केला. १९०३ मध्ये थिओडोर रूझवेल्ट त्याच्याबरोबर योसेमिटीत तीन रात्री उघड्यावर झोपले.

या भाषेत ताकद होती. लाकूडतोड्याला आणि धरणवाल्याला अडवायचं तर 'ही जागा सुंदर आहे' एवढं पुरत नाही, 'ही जागा पवित्र आहे' असं म्हणावं लागतं. आपल्या देवराया याच बळावर टिकल्या. पण कॅथेड्रल या प्रतिमेत एक अडचण आहे. कॅथेड्रलमध्ये कुणी राहत नाही. तिथे आपण रविवारी जातो, मान वर करून बघतो, प्रार्थना करतो आणि घरी येतो. डोंगराला कॅथेड्रल म्हटलं की तिथे चूल पेटवणारा, धान्य कुटणारा, पोरं वाढवणारा माणूस आपोआप अतिक्रमण करणारा ठरतो.

आणि योसेमिटीत अशी माणसं होती. दरीचं नाव अहवाहनी, लोक अहवाहनीची, मिवोक भाषिकांशी नातं असलेले. ओकच्या फळांचं पीठ हे त्यांचं मुख्य अन्न. १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोनं सापडलं, खाणवाल्यांच्या झुंडी आल्या, चकमकी सुरू झाल्या. मार्च १८५१ मध्ये मॅरिपोसा बटालियन नावाचं सरकारमान्य सशस्त्र पथक दरीत घुसलं. त्यांनी घरं जाळली, साठवलेलं धान्य जाळलं. मुखिया तेनाया याचा मुलगा पकडला गेला आणि मारला गेला. पथकातले लाफायेट बनेल यांनी नंतर पुस्तक लिहिलं, त्यात त्यांनीच एक प्रसंग नोंदवलाय. वरच्या एका तळ्याकाठी ते तेनायाला सांगायला गेले की या तळ्याला आम्ही तुझं नाव देतोय. तेनाया म्हणाला, त्याला नाव आहे. आजही नकाशावर ते तेनाया लेक आहे. ज्याला हाकललं त्याचंच नाव, आणि तळ्याचं मूळ नाव गायब.

वॉटकिन्स कॅमेरा घेऊन आला तो या घटनेनंतर दहाच वर्षांनी. त्याच्या गाजलेल्या फोटोंत माणूस जवळजवळ नाहीच. ती दरी निर्मनुष्य दिसते याला फक्त कलात्मक दृष्टी कारण नव्हती.

तरी लोक पूर्ण गेले नव्हते. हळूहळू परत आले, हॉटेलांत कामं केली, टोपल्या विणून विकल्या. १८७२ मध्ये मायब्रिज या फोटोग्राफरने त्यांचे फोटोही काढले, म्हणजे कॅमेऱ्याला ते दिसत होते. पण देशाच्या मनात बसला तो दुसरा फोटो, रिकामा. पुढे पार्कच्या कारभाऱ्यांनी १९३०च्या दशकात त्यांना एका कोपऱ्यात छोट्या घरांत बसवलं. राहायचं तर पार्कमध्ये नोकरी हवी. नोकरी संपली की घर रिकामं करा, रिकामं झालं की पाडा. १९६९ पर्यंत वस्ती संपली. शेवटचे रहिवासी हे पार्कचेच कर्मचारी होते. १९९६ मध्ये ते निवृत्त झाले आणि दरी सोडून गेले. १९९६! हा काही जुन्यापुराण्या काळातला इतिहास नाही.

आम्ही शनिवारी दुपारी म्यूझियमच्या मागे गेलो. तिथे एका खडकात वाटीएवढे खळगे आहेत, पिढ्यान्‌पिढ्या ओकची फळं कुटून पडलेले. आपल्याकडच्या दगडी उखळासारखेच. भाचा म्हणाला, "मामा, हा तर स्वयंपाकघराचा ओटा." बरोबर बोलला. जवळच रस्त्याकडेला १८७९ मध्ये बांधलेलं लाकडी चॅपल आहे, दरीतली अजून वापरात असलेली सर्वांत जुनी इमारत. पायथ्याला चॅपल आणि मागे हजारभर मीटरचा कडा, असा फोटो प्रत्येक जण काढतो. मीही काढला, टाकतो. पण तो खळग्यांचा खडक त्या चॅपलपेक्षा कितीतरी जुना आहे आणि त्याच्यासमोर कुणाचाही ट्रायपॉड नव्हता.

इथपर्यंत ही अन्यायाची गोष्ट आहे. पण पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात जंगलाचंही नुकसान आहे.

ज्या हिरव्या कुरणांवर आणि सुटसुटीत ओकच्या झाडांवर पहिले गोरे प्रवासी भाळले, ती नुसती निसर्गाची किमया नव्हती. अहवाहनीची लोक ठरावीक काळाने दरीत बारीक आग लावायचे. त्याने झुडपं साफ व्हायची, ओकला ऊन मिळायचं, टोपल्यांसाठी लागणारे कोवळे फुटवे यायचे, हरणांना गवत मिळायचं. म्हणजे जिला 'अस्पर्श निसर्ग' म्हणून फोटोत बसवलं, ती खरं तर राखलेली बाग होती. १८५० च्या कॅलिफोर्नियाच्या कायद्याने गवताळ रानाला आग लावणं शिक्षापात्र ठरवलं. माळ्यालाही घालवलं आणि त्याच्या हातातलं अवजारही काढून घेतलं. दरीचे पहिले संरक्षक अधिकारी गॅलन क्लार्क यांनी १८९०च्या दशकातच लिहून ठेवलं की आपण १८५५ मध्ये पहिल्यांदा आलो तेव्हा मोकळं कुरण आताच्या चौपट तरी होतं. बाकी सगळं झाडोऱ्याने गिळलं.

रविवारी किंग्ज कॅन्यनमध्ये याचं दुसरं टोक पाहिलं. तिथे जनरल ग्रँट नावाचा सिक्वोया आहे, उंची सुमारे ८१ मीटर. १९२६ मध्ये राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी त्याला 'देशाचा ख्रिसमस ट्री' म्हणून जाहीर केलं. दर डिसेंबरमध्ये तिथे बर्फात उपासना होते, बुंध्याशी पुष्पचक्र ठेवतात. आम्ही गेलो तेव्हा सावलीत बर्फाचे ढीग होते आणि झाडाखाली सगळे आपोआप हळू आवाजात बोलत होते. आता या झाडाची गंमत बघा. त्याच्या बोंडातून बी सुटायला उष्णता लागते आणि बी रुजायला मोकळी माती आणि ऊन. म्हणजे त्याला अधूनमधून बारीक आग हवीच. वीज पडून लागणारी असो की मोनो लोकांनी लावलेली असो. 'जंगल म्हणजे पवित्र, आग म्हणजे संकट' असं म्हणत शंभरेक वर्षं प्रत्येक आग विझवली. जमिनीवर सरपण साठत गेलं. १९६८ मध्ये इथल्या वनाधिकाऱ्यांनी नियंत्रित आग पुन्हा सुरू केली, पण फार थोड्या भागात. त्यात दुष्काळ आणि वाढतं तापमान. २०२० च्या एकट्या कॅसल फायरमध्ये जगातल्या मोठ्या सिक्वोयांपैकी १० ते १४ टक्के झाडं मेली, असा अंदाज आहे. हजार-दोन हजार वर्षांत असंख्य आगी पचवलेली झाडं एका आगीत गेली. उलट २०२२ मध्ये योसेमिटीच्या मॅरिपोसा राईजवळ वणवा आला तेव्हा, आधी नियंत्रित आगी लावून साफ केलेल्या भागामुळे राई वाचवायला मोठी मदत झाली.

आता बायबलकडे येतो, कारण या सगळ्याच्या मुळाशी बायबलच आहे असा आरोप आहे. १९६७ मध्ये लिन व्हाइट या इतिहासकाराने एक गाजलेला लेख लिहिला. त्याचं म्हणणं होतं की पृथ्वीवर सत्ता गाजवा, हे उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातलं सांगणं ख्रिस्ती जगाने मनावर घेतलं आणि पर्यावरणाची वाट लावली. आरोप हवेतला नाही. मॅरिपोसा बटालियनमधली माणसंही बायबलवर हात ठेवून शपथ घेणाऱ्या समाजातलीच होती.

पण दुसरा अध्यायही बायबलमध्येच आहे. उत्पत्ती २:१५ मध्ये देव माणसाला एदेन बागेत ठेवतो, ते बागेची मशागत करण्यासाठी आणि ती राखण्यासाठी. मूळ हिब्रूत दोन क्रियापदं आहेत, 'आवद' आणि 'शामर'. पहिल्याचा अर्थ कष्ट करणं, सेवा करणं. दुसऱ्याचा राखण करणं. हीच जोडी पुढे गणनाच्या तिसऱ्या अध्यायात निवासमंडपात सेवा करणाऱ्या लेव्यांच्या कामासाठी येते. म्हणजे बायबलच्या दृष्टीने बाग राखणं आणि देवाचं घर राखणं ही एकाच जातीची कामं. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात नेमकं हेच वचन घेऊन सांगितलंय की सत्तेचा अर्थ ओरबाडणं असा लावणं चूक आहे.

आणि ईस्टरचं म्हणाल तर योहानाचं शुभवर्तमान आठवा. पुनरुत्थानाच्या सकाळी मरिया मग्दालिया कबरीजवळ रडत असते, समोर येशू उभा असतो, आणि तिला वाटतं हा माळी आहे. लहानपणापासून प्रवचनात ऐकत आलोय की तिची चूक झाली, तिने ओळखलं नाही. या वेळी सिक्वोयाखाली उभा असताना वाटलं, तिची पूर्ण चूक झाली नसावी. बायबलची सुरुवात बागेत होते, तिथे माणसाला माळीकाम मिळतं. नव्या सृष्टीची सुरुवातही बागेतच होते, आणि प्रभू पहिल्यांदा दिसतो तो माळ्यासारखा. बागेतून माळी वजा करून जे उरतं त्याला मी पवित्र म्हणायला तयार नाही.

इथे कुणाला खलनायक करायचं नाही. म्यूर यांनी तरुणपणी मूलनिवासींबद्दल हिणकस लिहिलं, या निसर्गात ते शोभत नाहीत असं त्यांना वाटलं. २०२० मध्ये सिएरा क्लबने स्वतः जाहीरपणे ते मान्य केलं आणि माफी मागितली. पण तेच म्यूर पुढे अलास्कात त्लिंगित लोकांबरोबर राहिले तेव्हा त्यांचा सूर बदललेला दिसतो. ॲन्सेल ॲडम्स म्हणजे रिकाम्या निसर्गाचा सर्वांत मोठा फोटोग्राफर. पण दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकन नागरिकांना सिएराच्या पलीकडे मांझानारच्या छावणीत कोंडलं, तेव्हा १९४३ मध्ये ॲडम्स तिथे गेले आणि त्या माणसांचे चेहरे टिपले. शेतात राबणारे, शाळेत शिकणारे, हसणारे. मागे तोच डोंगर. म्हणजे तोच माणूस, तोच कॅमेरा, पण माणसाला फ्रेममध्ये घ्यायचं ठरवलं की घेता येतं. आणि २०१८ मध्ये योसेमिटीच्या कारभाऱ्यांनी सदर्न सिएरा मिवोक लोकांशी करार केला. जिथली घरं पाडली त्या वाहोगाच्या जागी त्यांना पुन्हा आपलं गाव उभारता यावं, विधी करता यावेत म्हणून. फार उशीर झाला, पण दिशा बरोबर आहे.

आता आपल्याकडे या.

आपला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली नॅशनल पार्कची कल्पना अमेरिकेतूनच जगभर पसरलेल्या साच्याची आहे. त्या साच्याने आपलंही भलं केलं. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची सुमारे १०४ चौरस किलोमीटरची हद्द कागदावर नसती तर आज तिथे टॉवर असते. पण हे जंगल कधीच निर्मनुष्य नव्हतं. कान्हेरीला शंभराहून जास्त लेणी आहेत, पाण्याची टाकी आहेत, पायऱ्या आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीही तिथे माणसं पाणी साठवून राहत होती. आजही तुमणीपाडा, चुनापाडा अशा पाड्यांत वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी कुटुंबं आहेत. बिबट्याच्या वाटेवर ज्यांची घरं आहेत आणि जे वाघोबाला पुजतात, अशी ही माणसं. १९९७ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उद्यानातली अतिक्रमणं हटवली गेली. पण बाहेरून येऊन झोपडी बांधणारा आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणारा आदिवासी, यांतला फरक प्रत्येक वेळी नीट झाला का, हा वाद अजून मिटलेला नाही. २००६ चा वन हक्क कायदा राष्ट्रीय उद्यानांनाही लागू आहे, तरी पाड्यावर वीज, पाणी, रस्ता मागितला की 'हे जंगल आहे' हे उत्तर मिळतं. आणि त्याच जंगलाच्या पोटातून बोगदा काढायचा असला की ते जंगल अडचणीचं ठरत नाही.

आगीची गोष्टही आपल्याला परकी नाही. भाताच्या रोपांसाठी राब भाजण्याची आपल्याकडची पद्धत ठाऊक आहेच. इंग्रजांच्या जंगल खात्याने त्यावर बंधनं आणली तेव्हा ठाणे-कुलाबा भागात इतका असंतोष झाला की १८८०च्या दशकात सरकारला फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. राब आणि अहवाहनीची लोकांची आग एक नाही, हेतू वेगळा आहे. पण रानात राहणाऱ्याला रान कळत नाही आणि कचेरीत बसणाऱ्याला कळतं, हा समज दोन्हीकडे एकच.

आणि चित्रांचं म्हणाल तर आपल्याकडे ॲडम्सच्या बरोबर उलटी परंपरा आहे. वारली चित्र आठवा. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेलं. झाड आहे, वाघ आहे, मुंग्या आहेत, आणि त्यांच्यामध्ये माणसं. लाकूड आणणारी, भात लावणारी, तारप्याभोवती नाचणारी. माणूस नसलेलं वारली जंगल शोधायला गेलात तर दमाल. डहाणूकडच्या जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, आज ती चित्रं विमानतळापासून कॉफीच्या मगापर्यंत सगळीकडे आहेत. चित्र आपण भिंतीवर लावलं, पण चित्रात जे सांगितलंय ते धोरणात घेतलं नाही.

आम्हा वसईकरांना तर हे सांगायलाच नको. आमच्या पूर्वजांनी जंगल राखलं नाही, वाडी राखली. केळी, पानवेल, माड, आणि पावसाचं पाणी जिरवणारी बावखलं. चर्चचा घंटानाद आणि रहाटाचा आवाज एकाच वेळी ऐकत मोठी झालेली माणसं अजून आहेत. बिल्डर आणि टँकर यांच्या विरोधात फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी उभे राहिले, तेव्हा त्यांच्यामागे आलेले लोक निसर्गप्रेमी पर्यटक नव्हते, माळी होते. ज्यांच्या विहिरी खाऱ्या होत होत्या ते होते. म्हणून ती चळवळ पेटली.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. हद्द हवी, कायदा हवा, पहारा हवा. पण राखणदार कोण, हे ठरवताना आधी तिथे पिढ्यान्‌पिढ्या असलेल्या माणसाला विचारायला हवं. उद्या नॅशनल पार्कचा किंवा तुंगारेश्वरच्या भोवतालचा एखादा आराखडा हरकती-सूचनांसाठी बाहेर आला, तर त्यातले रंगीत फोटो आणि नकाशे नंतर बघा. आधी शोधा की पाड्यांची नावं त्यात आहेत का, ग्रामसभेचा ठराव जोडलाय का, बावखलं नकाशावर दाखवलीत का. नसतील तर हरकत लिहा. मराठीत लिहा, दोन ओळी लिहा, पण मुदतीच्या आत लिहा.

फोटो खाली टाकतोय. त्यात हाफ डोम आहे, चॅपल आहे, जनरल ग्रँट आहे. आणि खळगे पडलेल्या खडकाचाही एक आहे. तो सगळ्यांत साधा आलाय, पण कृपया तो आधी बघा.